विहीणबाईंचा उजवा पाय

१० जानेवारी, शनिवार. नवीन जालना

विहीणबाई हसनाबादहून आल्या. तुपाची बरणी, डिंकाची पुडी, एक घोंगडी. लेकीसाठी, प्रज्ञासाठी, मी डिंकाचे लाडू आधीच करून ठेवलेत, डबा भरून. आता हसनाबादच्या डिंकाचे वेगळे होतील.

कैलास आईला स्टँडवरून घेऊन आला तेव्हा त्याच्याकडे बघून हसू आलं. जावई आहे म्हणून तोंडावर हसले नाही. दोन खोल्यांचा फ्लॅट, बाळंतीण बायको, महिन्याची पोर आणि आता दोन आज्या. उद्या रविवार असून म्हणाला, बियाण्याच्या गोदामात जरा काम आहे.

‘विहीणबाई’ लिहायला लांब पडतं. यापुढे वि.बा.

वय विचारलं तर ‘सत्तरीच्या म्होरं’. आधार कार्डावर अठ्ठ्याहत्तर. अंगावर मांस म्हणून नाही, लुगड्याच्या घड्याच जास्त. तरी शेळ्या स्वतः चारतात. पिशवी मी उचलायला गेले तर माझ्याच हातातून ओढून घेतली.

११ जाने., रवि.

न्हाऊ घालण्यावरून पहिली चकमक. चिमीला महिनाभर मीच न्हाऊ घालते आहे. सकाळी तेल कोमट करून बाथरूममध्ये गेले तर वि.बा. आधीच पाटावर, पाय लांब पसरून, लुगडं गुडघ्याच्या वर खोचून बसलेल्या.

“आणा इकडं लेकराला. म्याडमच्या हाताला खडूची सवय, तेलाची न्हाई.”

प्र. माझ्याकडे बघत राहिली. मी मुकाट्याने चिमीला त्यांच्या नडग्यांवर पालथं टाकलं. खोटं कशाला लिहू, हात फार चांगला आहे त्यांचा. चिमी रडली नाही. माझ्याकडे रोज रडते.

प्र. आमच्यातली, कैलास धनगराचा. लग्नाच्या वेळी दोन्हीकडची तोंडं फिरलेली होती. आमच्याकडच्यांनी फोन बंद केले, त्यांच्याकडच्यांनी दार. मूल व्हायला वेळ लागला, आणि चिमी झाली तशी एकेक तोंड सरळ होत गेलं. पण वि.बा. मला अजून ‘म्याडम’ म्हणतात. तीर्थपुरीच्या शाळेत इतकी वर्षं सगळ्यांनी म्हटलं, कधी टोचलं नाही. यांच्या तोंडून टोचतं.

१४ जाने., बुध.

संक्रांत. वि.बां.नी चिमीचं बोरन्हाण केलं. आमच्याकडे पद्धत नाही, पण बोरं मला आवडतात. चिमी झोपेतच होती. सगळी बोरं आम्हीच वेचून खाल्ली. वि.बां.ना वरचे दात नाहीत, खालचे चारपाच आहेत. तरी वाटीभर खाल्ली. कसं जमतं ते त्यांनाच ठाऊक.

दुपारी दोघी टीव्ही बघत होतो. मी म्हटलं, ही बाई पुढच्या भागात मरणार. त्या म्हणाल्या, मरणार न्हाई, पैसा तिच्याच नावावर हाये. बरोबर निघाल्या.

१७ जाने., शनि.

आज सकाळी त्या पाटावर बसल्या, चिमीला घेतलं आणि लगेच परत माझ्याकडे दिलं.

“आज तुमी घाला.”

“का हो?”

“तुमाला बी हौस हाये ना. घाला मंग.”

मला काय, आनंदच. चिमी माझ्याकडेही रडली नाही. संध्याकाळी प्र.ला म्हटलं, बघ, आजीला पटलं शेवटी. प्र. म्हणाली, “आई, त्या बसताना किती कळवळल्या, बघितलं नाहीस का?”

नव्हतं बघितलं.

१९ जाने., सोम.

कैलास आईला हाडाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. गुडघ्याचा एक्स-रे. गुडघा झिजलाय. या वयात कुणाचा झिजलेला नसतो? गोळ्या, मलम, गुडघ्याला पट्टा. वि.बां.नी पट्टा घरी आल्या आल्या काढून खिडकीत ठेवला.

न्हाऊ मीच घालते. त्या दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि सांगतात. कानात पाणी गेलं. मान धरा. अशी नका दाबू, ती काय कणीक हाये का?

२१ जाने., बुध.

लिहू की नको असं झालंय. पण ही वही माझी, कुणी वाचत नाही. वहीला सांगितलं म्हणजे कुणाला सांगितलं असं होत नाही.

प्र. आणि चिमी झोपलेल्या. वि.बा. खाटेवर कुशीवर, उजवा पाय पोटाशी ओढून. कालपासून अशाच झोपतात. मी मलम घेऊन गेले, गुडघ्याला लावते म्हटलं.

“गुडघा न्हाई दुखत.”

“मग डॉक्टरला तसं का नाही सांगितलं?”

“सोबत लेक व्हता. डाक्टर बी बाप्या. काय सांगू?”

मग हळूच सांगितलं. दुखतं ते मांडीच्या आतल्या अंगाला, वर जांघेपासून. तिथून वीज गेल्यासारखी कळ गुडघ्यापर्यंत उतरते. पाय दुमडून धरला की थांबते. सरळ केला की पुन्हा. खोकल्यावर जास्त. गाठ वगैरे? न्हाई, काय बी हाताला लागत न्हाई.

मी म्हटलं, बाईडॉक्टर बघू, मी येते सोबत. त्या एकदम उठून बसल्या. माझा हात धरून खाली पाळण्याकडे बोट केलं.

“नातीची आन हाये तुमाला. कुणाला बोलायचं न्हाई. कैलासला न्हाई, प्रज्ञाला न्हाई. कळलं तर मला हसनाबादला नेऊन टाकतील, की म्हातारी आजारी पडली, लेकराला तिचं काय लागलं तर. मला चिमीजवळ ऱ्हायचंय.”

मी ‘बरं’ म्हटलं. सहावी-सातवीला विज्ञान शिकवलं मी. आन, शपथ, उतारा, दृष्ट, सगळ्यावर पोरांपुढे व्याख्यानं दिली. आणि ‘बरं’ म्हटलं.

मी निघताना ‘इहीनबाई’ म्हणाल्या. पहिल्यांदा. “दिवा बंद करा इहीनबाई.”

२३ जाने., शुक्र.

वि.बां.च्या पोटात मुरडा. येतो, जातो. ओव्याचं पाणी घेतलं. दुपारी बऱ्या होत्या, भाकरी कुस्करून खाल्ली. संध्याकाळी पुन्हा.

कैलासचं म्हणणं बोरं. “आई, बिया गिळल्या का तू?”

“मी काय शेळी हाये का?”

“शेळी बिया थुंकते आई.”

सगळे हसले. त्याही हसल्या, मग पोट धरून बसल्या.

२४ जाने., शनि.

सकाळपासून उलट्या. आधी चहा, मग पिवळं, मग हिरवं. पोट ढोलासारखं फुगलं. संडासला झालेलं नाही, वाराही सरत नाही. नाडी मला बारीक लागली.

दवाखाना. स्टेशनच्या रस्त्यावरचा, सर्जन तरुण आहे. मी आणि कैलास. प्र.ला घरी राहायला लावलं, चिमीमुळे. ती दारात रडत उभी. वि.बा. रिक्षात बसताना तिला म्हणाल्या, “लेकराला पाज. दूध आटंल.”

नाकातून नळी, हाताला सलाइन, एक्स-रे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवला. आतडी फुगलेली, पायऱ्या पायऱ्या दिसत होत्या. कुठेतरी अडलंय. कुठे आणि कशानं, ते कळत नाही.

डॉक्टरांनी प्रश्नांची सरबत्ती केली. आधी पोटाचं ऑपरेशन? नाही. टाके पडलेल्यांची आतडी आत चिकटतात, ते बहुतेकांचं कारण. हर्नियाची गाठ? त्यांनी हाताने बघितलं, नाही. मग बोरांवर आले.

“मागच्या वर्षी एका आजोबांच्या आतड्यातून मोसंबीच्या चोथ्याचा गोळा काढला. कवळी घालायचे नाहीत, फोडी न चावता गिळायचे. आणि एका आजीच्या आतड्यात पित्ताचा खडा येऊन अडकला होता, पिशवी फोडून उतरलेला. म्हाताऱ्या माणसांत काय निघेल सांगता येत नाही. आजी, बिया गिळल्या का?”

वि.बां.नी नळीसकट मान हलवली. न्हाई.

“दुसरीकडे कुठे दुखतं?”

पुन्हा न्हाई. आणि माझ्याकडे बघितलं.

मी सलाइनचे थेंब मोजत बसले.

२५ जाने., रवि.

नळीतून हिरवं येतच आहे. पोट तसंच. कैलासच्या मामाचा फोन, संभाजीनगरला न्या. काकाचा फोन, कुठे नेऊ नका, वय झालं. कैलास जिन्यात बसून राहिलेला. डॉक्टर म्हणाले, थांबून बघू, काही जणांचं आपोआप सुटतं. नाही सुटलं तर पोट उघडावं लागेल, पण कशासाठी उघडतोय ते माहीत असलेलं बरं.

मी वि.बां.च्या खाटेशी उभी. डोळे मिटलेले, पाय पोटाशी. नर्सने पांघरूण नीट करायला पाय सरळ केला, तर त्या झोपेतच ओरडल्या. नर्स म्हणाली, पोट दुखतंय आजीचं.

पोट नव्हतं ते.

मला एवढंच समोर दिसलं की पाळण्यात चिमी आहे आणि इथे ही आहे. डॉक्टर दारातून निघाले होते. मी हाक मारली.

“डॉक्टर, एक राहिलं सांगायचं. यांचा उजवा पाय सरळ होत नाही. आठ दिवस झाले. बाळाला न्हाऊ घालायला पाय लांब करून बसता येईना, तेव्हापासून. दुखणं गुडघ्यात नाही, मांडीच्या आत आहे. जांघेपासून गुडघ्यापर्यंत. दुमडला की थांबतं.”

डॉक्टर परत आले. वि.बां.चा पाय हातात घेऊन हळूच सरळ केला, जरा आत वळवला. त्यांनी दात आवळले. डॉक्टरांनी पाय खाली ठेवला आणि नर्सला म्हणाले, सीटी स्कॅन, आत्ता, जल्दी.

वि.बां.नी डोळे उघडले. सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघून एकच शब्द.

“म्याडम.”

आणि तोंड भिंतीकडे.

(नंतर, त्याच दिवशी)

स्कॅनमध्ये दिसलं. डॉक्टरांनी मला आणि कैलासला संगणकावर बोट ठेवून सांगितलं. कमरेच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं, सगळ्यांनाच. त्यात थोडी चरबी भरलेली असते. बाई म्हातारी झाली, बारीक झाली, बाळंतपणं बरीच झालेली असली की ती चरबी जाते आणि वाट मोकळी होते. आतड्याचा तुकडा त्यातून खाली घुसतो. बाहेर गाठ दिसत नाही, खोल असते. त्याच भोकातून मांडीची नस जाते, ती दाबली जाते, म्हणून दुखतं मांडीत. ऑब्ट्युरेटर हर्निया. लोक गुडघ्याच्या गोळ्या खात बसतात.

कैलास म्हणाला, “मीच नेलं गुडघ्याला.” डॉक्टर म्हणाले, तुम्ही काय, हाडाचा डॉक्टरही फसतो, मीसुद्धा काल फसलो. आता सही करा.

त्याने सही केली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कधी ठेवला नव्हता.

ऑपरेशन दुपारी. बाहेर बाकावर बसून होतो. प्र.चे फोनवर फोन. चिमीला न्हाऊ घातलं का विचारलं तर म्हणाली नाही, मला येत नाही. मी फोनवर सांगत होते, मान धर, कानात पाणी जाऊ देऊ नको. माझ्याच तोंडून वि.बा. बोलत होत्या.

डॉक्टर मास्क खाली करून बाहेर आले. आतड्याची एक बाजू चिमटीत धरल्यासारखी अडकलेली. सोडवली तेव्हा जांभळी-काळी होती. गरम पाण्याचं कापड ठेवून वाट पाहिली, हळूहळू रंग परत आला. कापावं लागलं नाही. भोक शिवून टाकलं. “अजून उशीर झाला असता तर कापावं लागलं असतं, आणि या वयात...” वाक्य तिथेच सोडलं त्यांनी.

कैलास माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला धरलं आणि म्हटलं, चहा पाज.

२६ जाने., सोम.

बाहेर शाळेच्या मुलांची फेरी, लाउडस्पीकरवर गाणी. आत वि.बा. अतिदक्षता विभागात. शुद्धीवर आहेत. नाडी चांगली. पाय सरळ केलेला, आणि दुखत नाही.

माझ्याशी बोलल्या नाहीत. कैलासशी बोलल्या. मी समोर गेले की डोळे मिटतात.

२७ जाने., मंगळ.

वॉर्डात आणलं. पाणी बंद, ओठाला ओला कापूस फक्त. आतडी जागी झाली की मग पाणी. आणि आतडी जागी झाली की नाही हे कळण्याचा मार्ग एकच.

डॉक्टर मोठ्याने: “आजी, वारा सरला का?”

सगळा वॉर्ड ऐकतो. वि.बा. पांघरुणात तोंड घालतात. कैलासने विचारलं तर त्याच्याकडे असं बघितलं की तो औषधं आणायला निघून गेला. शेजारच्या खाटेवरची बाई मला म्हणाली, माझ्या सासऱ्याच्या वेळी आम्ही सहाजण वाट बघत होतो, पेढे वाटले मग.

अबोला चालूच.

२८ जाने., बुध.

झालं.

लिहूनच ठेवते कसं झालं ते. सकाळी कैलास बाहेर गेलेला. मी खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत होते. पलीकडून बारीक आवाज:

“म्याडम.”

मी वर बघितलं नाही. मलाही राग आहे थोडा.

“म्याडम, झालं.”

“काय झालं?”

“ते. डाक्टर इचारून राह्यला ते.”

मला इतकं हसू आलं की वर्तमानपत्र खाली पडलं. त्यांनाही आलं, पण टाके ताणले म्हणून पोटाला उशी दाबून धरली. “हसवू नका, मरून जाईन मी.” तहान एवढी होती की अबोला टिकला नाही. लेकाला सांगता येईना, आजच्या पाळीचा नर्स पुरुष. उरले कोण तर मी.

मी नर्सला सांगितलं. दोन चमचे पाणी मिळालं. ते घोळवून घोळवून प्यायल्या. मग म्हणतात कशा:

“सांगितलं बी लगेच. तुमच्या पोटात काय ऱ्हात न्हाई.”

“हे सांगू नका असं तुम्ही म्हटलं नव्हतं.”

“न्हाई म्हणलं.” चमचा माझ्या हातात दिला. मग: “पण ते म्हणलं व्हतं. नातीची आन मोडली तुमी.”

“मोडली.”

“लेकराला काय झालं तर?”

मी म्हटलं, काही होत नसतं. पण आवाज वर्गातल्यासारखा निघाला नाही.

३१ जाने., शनि.

घरी आणलं. जिन्यावरून कैलासने खुर्चीत बसवून वर नेलं. त्या खुर्चीत ताठ बसून शेजारणींना नमस्कार करत आल्या, वरातीसारख्या. मऊ भात, मुगाचं पाणी. चिमीला मांडीवर घ्यायचं नाही, उचलायचं नाही. तिला त्यांच्या शेजारी झोपवलं. बराच वेळ नुसता हात लावून होत्या.

माझ्याशी बोलतात, पण मोजून. मीठ द्या. पंखा बंद करा. म्याडमच.

२ फेब्रु., सोम.

चिमी शिंकली. तीनदा. नाक वाहतंय.

जालन्यात हवा बदलली की अर्ध्या गावाची नाकं वाहतात. मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे. सर्दी विषाणूने होते.

सारखं कपाळाला हात लावून बघते आहे.

३ फेब्रु., मंगळ.

ताप नाही. पण दूध कमी प्याली. बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, म्हणाले साधी सर्दी, नाकात थेंब. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुपारी प्र. अंघोळीला गेली. मी वि.बां.च्या खाटेपाशी जाऊन बसले. कसं विचारावं. शेवटी म्हटलं:

“सुटली म्हणा.”

“काय?”

“ती आन. सुटली म्हणा एकदा.”

वि.बा. माझ्याकडे बघत राहिल्या. चेहरा गंभीर, पण डोळ्यात काहीतरी.

“का? तुमी तर मानत न्हाई.”

“नाही मानत.”

“मंग?”

“मंग काय. मला झोप लागत नाही.”

त्यांनी पांघरूण बाजूला सारलं, सावकाश उठून बसल्या, मी हात दिला तो घेतला. चिमीच्या टाळूवर हात ठेवला.

“सुटली,” म्हणाल्या. “अवं, मी तर तवाच सोडली व्हती. पोट उघडायला नेऊन राह्यले तवा. म्हणलं, हिनं सांगितलं न्हाई तर मी मेलेच असते. मंग आन ठेवून काय करू?”

“मग दवाखान्यात ‘लेकराला काय झालं तर’ कशाला म्हणालात? इतके दिवस बोलला का नाहीत?”

“राग व्हता म्हणून म्हणलं. लाज वाटली. भर दवाखान्यात जांघ म्हणलं तुमी. कैलास व्हता समोर.”

“कैलास जिन्यात होता. आत मी, डॉक्टर आणि नर्स.”

“खरं?”

“बिलकुल खरं.”

त्या परत आडव्या झाल्या. मग म्हणाल्या, “मंग उगंच गेला आठवडा.”

मी तिथंच बसून रडले थोडी.

४ फेब्रु., बुध.

चिमी बरी. नाक मोकळं. थेंबांनी. थेंबांनीच.

६ फेब्रु., शुक्र.

टाके काढले. डॉक्टर खूश. वजन छत्तीस किलो. म्हणाले, आजी, वजन वाढवा, चरबी म्हणजे तुमचं औषध आहे. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरच्या तोंडून तूप खा ऐकलं. वि.बां.नी माझ्याकडे असं बघितलं, जणू सरकारी हुकूम मिळाला.

एक गोष्ट मात्र. डॉक्टर म्हणाले, डाव्या बाजूलाही तसंच भोक आहे, थोडं मोकळं. तेव्हा जास्त वेळ भूल द्यायची नव्हती म्हणून हात लावला नाही. तब्येत सुधारली की दुर्बिणीतून करून घ्या. अडकेलच असं नाही, पण अडकलं तर पुन्हा हेच. कैलास लगेच, तारीख द्या. वि.बा. म्हणाल्या, बघू.

“बघू म्हणजे काय आई?”

“बघू म्हणजे बघू. आधी शेळ्या बघू दे.”

१२ फेब्रु., गुरु.

तूप जोरात चालू. माझे लाडू त्यांनी संपवले, स्वतःचे प्र.ला ठेवले. म्हणाल्या, तुमच्यात डिंक कमी पण चव बरी. ही फार मोठी पावती आहे. प्र.ला सांगितली, तिने कैलासला.

न्हाऊ मीच घालते, त्या खुर्चीवरून. चिमी आता दोघींकडे आळीपाळीने बघते.

मी विचारलं, डाव्या बाजूचं काय? म्हणाल्या, हे पाणी गार झालं, दुसरं घ्या.

२२ फेब्रु., रवि.

वि.बा. हसनाबादला गेल्या. ऐकल्या नाहीत. शेळ्यांचं कारण. पण खरं तर कैलासची आत्या रोज फोन करून विचारत होती, काय झालं नेमकं, आणि यांना ते समोर बसून सांगायचं होतं असं मला वाटतं. पाय मोकळे करत जिन्याने स्वतः उतरल्या. जाताना चिमीच्या गालाला बोट लावलं, माझ्या पाठीवर थाप मारली. शाळेतल्या पोराला मारतात तशी.

घर मोठं झाल्यासारखं वाटून राहिलंय. लिहिता लिहिता मीच त्यांच्यासारखं ‘राहिलंय’ लिहायला लागले.

१ मार्च, रवि.

प्र.च्या मोबाईलवर वि.बां.चा फोन. माझ्यासाठी.

गावात त्यांची चर्चा. ओट्यावर रोज दोनतीन म्हाताऱ्या येऊन बसतात, टाके बघायला. यांनी आधी दाखवले नाहीत, मग एकीला दाखवले, मग सगळ्यांना. आणि जी बारीक दिसेल तिला विचारून राह्यल्या, मांडीत दुखतं का? पाय सरळ व्हतो का? झोपताना कसा धरती? चावडीपासल्या एका म्हातारीचा म्हणे पाय आखडतो, आणि पोटात मुरडा येतो-जातो. ती कुणाला सांगायला तयार नाही. सुनेलाही नाही.

“मी तिला म्हणलं, आपली म्याडम हाये, विज्ञानाची. ती आली की बोल.”

“मी? तुम्हीच सांगा की. तुमच्यावर झालंय.”

“मी सांगितलं. पण ते हाडातलं भोक मला बराबर सांगता येत न्हाई. म्हाताऱ्या म्हणत्यात, हाडाला भोक असतं का कुठं? तुमी या. चित्र काढून सांगा. फळा मी शाळेतून आणवते.”

मी हो म्हटलं. त्या म्हातारीला आधी डॉक्टरकडे न्या, मी यायची वाट बघू नका, हे तीनदा सांगितलं. म्हणाल्या, कैलासला गाडी घेऊन यायला सांगितलंय, उद्या सकाळी नेतो. त्यांनी हे आधीच केलेलं होतं.

मग मी विचारलं, “आणि तुमच्या डाव्या बाजूचं?”

तिकडून शेळी ओरडल्याचा आवाज. “काय म्हणलं? ऐकू येत न्हाई.”

“ऐकू येतंय तुम्हाला.”

“या तर खरं इहीनबाई. बोलू मंग.”

४ मार्च, बुध.

चावडीवरच्या आजींना तपासलं. त्यांचं वेगळं निघालं, औषधावर आहेत, बऱ्या आहेत. पण दाखवलं हे चांगलं झालं, असं डॉक्टर कैलासला म्हणाले. कैलास आता दर बारीक म्हातारीला बघून काळजीत पडतो.

दुपारभर बसून चित्र काढलं, मोठ्या पांढऱ्या कागदावर. कमरेचं हाड, दोन्ही बाजूंची भोकं, नस तांबड्या पेनाने, आतडं निळ्या. प्र. म्हणाली, आई, फुलपाखरासारखं दिसतंय. दिसतं खरं. डावीकडचं भोक जरा मोठंच आलं हातून, खोडलं नाही.

उद्या सकाळच्या बसने हसनाबाद. म्हाताऱ्या ओट्यावर जमणार, वि.बां.नी सगळ्यांना बोलावणं धाडलंय. वि.बां.ना चित्राशेजारी सांगायला उभं करायचं की समोर ऐकायला बसवायचं, ते तिथं गेल्यावर बघू.